उजव्या चाकाचं गाऱ्हाणं

आमची आक्का व्हॅन चालवते असं सांगितलं की नव्या माणसाला वाटतं, हौस म्हणून चालवत असेल. हौस कसली डोंबलाची. आमच्या गावातून आणि मळ्यातल्या वस्त्यांवरून कडेगावच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरी तिच्या गाडीतून जातात आणि तिच्याच गाडीतून घरी येतात. बस आमच्याकडं येते ती फाट्यापर्यंत, आणि तीही तिच्या मर्जीने. फाट्यापासून वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंना उभा ऊस. त्या वाटेने पोरीला एकटीला सोडायला कुठल्या आईचा जीव होईल? आक्काची गाडी सुरू झाली तेव्हापासून दहावीनंतर घरी बसणाऱ्या पोरी आमच्या गावात कमी झाल्या. हे मी तिचा भाऊ म्हणून सांगत नाही. गावात कुणालाही विचारा.

त्याआधी आक्का आणि दाजी पिठाची गिरणी चालवायचे. दाजी गेल्यावर तिने ती एकटीने चालवली. मग घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, गिरणीवर शुकशुकाट झाला, तेव्हा तिने गिरणी विकली आणि एक जुनी व्हॅन आणून दारात उभी केली. चालवता येत नव्हती. मला बोलावलं आणि म्हणाली, "शिकीव." मी फौजेतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला माणूस. बर्फात गाड्या काढल्या, वाळूत काढल्या, पण आक्काला शिकवताना जेवढा घाम फुटला तेवढा कुठंच फुटला नव्हता. शिकवणारा मी आणि बोलणी खाणाराही मीच. क्लच सोडायला तिला जमेना आणि दोष माझ्या आवाजाचा. "तू वरडतोस म्हणून गाडी बंद पडतीया," म्हणायची. पण शिकली. आता आमच्या खिंडीच्या वळणांवर ती गाडी अशी नेते की मागं बसलेल्या पोरीच्या मांडीवरचं पुस्तक हलत नाही.

तर ही गोष्ट दिवाळीनंतरची. कारखान्यांचे हंगाम सुरू झाले होते, रस्त्याला ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर लागले होते. एका सकाळी पोरींना कॉलेजवर सोडून आक्का थेट माझ्या दारात आली. गाडी बंद न करताच म्हणाली, "बस."

मी म्हटलं, "चहा तरी घे."

"चहा पळून चाललाय व्हय? बस म्हनते न्हवं."

बसलो. गावाबाहेर पडून तिने गाडी पळवली आणि मला कळलं. चाळीसच्या पुढं काटा गेला की मागून एक घुमणारा आवाज यायचा. फार मोठा नाही. जातं लांब कुठंतरी फिरत असावं तसा. वेग वाढला की वाढायचा, वेग उतरला की उतरायचा, आणि पंचविसाच्या खाली गाडी आली की गप्प.

"कवापासनं?" मी विचारलं.

"चार-सहा दिस झालं आसतील. आधी मला वाटलं कानातच काय झालंय."

मी फौजी अक्कल लावायला सुरुवात केली. गाडी उभी करून इंजिन मोठ्याने फिरवलं, आवाज नाही. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. मग चालत्या गाडीत सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली. आवाज तसाच. म्हणजे गिअरबॉक्सही सुटला. टायरचा असेल म्हणून नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर नेली आणि मग जुन्या डांबरी रस्त्यावर. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. हा बदलला नाही. एवढं झाल्यावर मी हात झाडले आणि निकाल देऊन टाकला.

"डिफरन्शियल गेलंय."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा जो गोळा असतो, ज्याच्या आतले दाते इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देतात, ते डिफरन्शियल. ते गेलं की काम मोठं. गाडी आठ-दहा दिवस हलत नाही. मी असं सांगितल्यावर आक्का घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "न्हाई."

"न्हाई म्हंजे? मी काय आज गाड्या बघतोय?"

"डिफरन्शियल असतं तर रेसवर पाय दाबल्यावर एक सूर लागला असता आन् पाय सोडल्यावर दुसरा. ही एकाच सुरात रडतीया. दाब न्हाई तर सोड."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच. शिकवताना. वरडत व्हतास तवा."

मला काही आठवेना. पण तिने पाय दाबून दाखवला, सोडून दाखवला, आणि आवाज खरोखरच एकाच सुरात होता. माझंच शास्त्र माझ्यावरच उलटवलं बाईनं. मी म्हटलं, बघू, उद्या बघू. आणि घरी येऊन बायकोवर चिडलो, कारण आक्कावर चिडायची सोय नाही.

उद्या बघू म्हणता म्हणता आठवडा सरत आला. पोरींची परीक्षा जवळ आलेली, गाडी एक दिवस उभी ठेवायची तर कॉलेज बुडणार. आक्का हळू चालवत होती, तीसच्या पुढं जात नव्हती, पण आता आवाज तेवढ्यालाही मोठ्याने घुमायला लागला होता. आणि मग शुक्रवारी संध्याकाळी जे व्हायचं ते झालं.

आमच्या गावात एक फौजीची बायको आहे. नवरा सीमेवर, घरात म्हातारी सासू, पाठीमागं ऊस, आणि एकच पोर, बारावीला. पोर हुशार. वर्गात पहिली. ही बाई सगळं एकटीने रेटते आणि नाकावर माशी बसू देत नाही. गावातल्या बायका तिच्या तोंडाकडं बघून निर्णय घेतात, कारण तिचा नवरा लांब आहे तरी तिच्या घरात कधी काही चुकलं नाही. त्या संध्याकाळी मीही गाडीत होतो, आवाज पुन्हा एकदा ऐकावा म्हणून. पोर उतरून घरात गेली आणि ती बाई गाडीच्या खिडकीशी आली.

"आवं आक्का, राग मानू नका. सोमवारपासनं माझी पोर येणार न्हाई."

"का गं?"

"गाडी लांबनं ऐकू येतीया मला. आधी येत नव्हती. मागच्या साली खिंडीत ट्रॉलीचं चाक निखळून गेलं, आठवतंय न्हवं तुमास्नी? ह्यांनी पोर माझ्या हवाली केलीया. काय कमीजास्त झालं तर मी त्यांना तोंड काय दावू?"

मला वाटलं आक्का आता तिला दोन शब्द सुनावणार. इतकी वर्षं पोरींना फुलासारखं नेलं-आणलं, आणि एका आवाजासाठी हे? पण आक्का म्हणाली, "बरोबर हाय तुझं." आणि गाडी पुढं घेतली.

थोडं पुढं गेल्यावर मीच तडकलो. "बरोबर काय? तिचं बरोबर असंल तर तू इतकी वर्सं काय गवत उपटत व्हतीस?"

आक्काने गाडी बाजूला घेतली. तिचे डोळे भरले होते. मी तिला दाजी गेले तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर त्या दिवशी.

"तुला कळत न्हाई रं," ती म्हणाली. "तिची बसली की बाकीच्यांच्या बी बसत्याल. आन् एकदा घरी बसलेली पोर पुन्यांदा गाडीत चढत न्हाई. म्हसवडकडनं एक स्थळ आलंय त्या पोरीला, तुला ठाव न्हाई. आई अजून हू म्हनाली न्हाई, कारण पोर शिकतीया. शिकायची थांबली की काय सांगनार हाय ती पाव्हण्यांना?"

मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आवाज कशाचा हाय ते कळंस्तवर एक बी पोर ह्या गाडीत बसणार न्हाई. उद्याचं कॉलेज बुडू दे. तू सकाळी ये."

मी म्हटलं, अगं, तूच गाडी उभी केलीस तर त्या बाईचं म्हणणं खरं ठरेल, सगळ्या आया धास्तावतील. ती म्हणाली, "धास्तावू देत. लपवून नेलेली पोर माझ्या डोक्यावर नको." मला तिचा त्या क्षणी जो अभिमान वाटला तो सांगायला मला लाज वाटत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघंच रिकामी गाडी घेऊन खिंडीत गेलो. मी चालवत होतो, आक्का मागच्या सीटवर. खिंडीत वळणामागं वळण आहे, डावं, उजवं, पुन्हा डावं. पहिल्या डाव्या वळणाला आवाज वाढला. उजव्या वळणाला उतरला, जवळजवळ गेलाच. पुन्हा डावं, पुन्हा घुमला. मी वर जाऊन गाडी फिरवली आणि खाली येताना पुन्हा तेच, फक्त आता वळणं उलटी. तरीही डाव्या वळणालाच आवाज.

"गाडी डावीकडं वळली की भार कुठं जातोय?" आक्काने मागून विचारलं.

"उजव्या चाकावर," मी म्हटलं.

"मग उजवं चाक रडतंय."

मला ते पटत होतं पण तोंडाने हो म्हणवेना. मी म्हटलं, मागच्या दोन्ही चाकांना धुरा एकच असतो, आवाज लोखंडातून इकडचा तिकडं जातो, कान फसतात. आणि हे खोटं नव्हतं. मी फौजेत असताना एका चाकाचा आवाज म्हणून दुसरं चाक खोलणारे भलेभले बघितले होते. आक्का म्हणाली, "कान फसत असतील तर कानाला दुसरं काय तरी जोडू."

घरी आल्यावर मी पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकने उचलली, धुऱ्याखाली लाकडाचे ओंडके भक्कम बसवले. दोन्ही मागची चाकं अधांतरी. हाताने चाक फिरवून बघितलं, वरून-खालून धरून हलवून बघितलं. काही खास नाही. किंचित खेळ उजवीकडं, पण तेवढा जुन्या गाडीला असतोच. माझं मन पुन्हा डिफरन्शियलकडं वळायला लागलं.

तेवढ्यात आक्का घरातून बाहेर आली. हातात लाटणं.

मी म्हटलं, "चपात्या कुणाला?"

"गप बस आन् गाडी चालू कर."

गिरणी होती तेव्हा तिथलं बेरिंग तपासायची तिची ही पद्धत. लाकडाच्या दांडक्याचं एक टोक बेरिंगच्या जागी टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. बाकीचा सगळा गोंगाट बाहेर राहतो आणि लाकडातून फक्त त्या जागेचा आवाज येतो. दाजींना ही पद्धत माहीत होती, पण कान आक्काचाच. तालुक्यातले दुसरे गिरणीवालेसुद्धा कधीकधी तिला न्यायला यायचे हे मला तेव्हा आठवलं.

मी आत बसून इंजिन चालू केलं, गिअर टाकला, मागची चाकं हवेत फिरायला लागली. आक्काने पदर खोचला, गाडीच्या मागं खाली बसली, हात चाकापासून लांब ठेवून लाटणं पुढं केलं. आधी डाव्या टोकाला, चाकाच्या मागं धुरा जिथं संपतो तिथं. ऐकलं. मग मधल्या गोळ्यावर. तिथं बराच वेळ ऐकलं, कारण माझा निकाल तिथला होता आणि ती मला नीट न्याय देत होती. मग उजव्या टोकाला. तिथं लाटणं टेकवलं आणि तिचा चेहरा बदलला. डोळे मिटले. मला खिडकीतून मागं वाकून दिसत होतं.

"बंद कर," ती म्हणाली. "आता तू ये."

मी उतरलो, तिने गाडी चालू केली, मी लाटणं कानाला लावलं. डावीकडं मऊ भिरभिर. मध्ये दात्यांची एकसारखी गुरगुर, निरोगी. आणि उजवीकडं, देवा, ज्वारीत खडे आल्यासारखी करकर. हाताने फिरवताना जे कळत नव्हतं ते लाकडातून लख्ख ऐकू येत होतं. मी लाटणं तिच्या हातात दिलं.

"बेरिंग," मी म्हटलं.

"डिफरन्शियल न्हवं?" ती म्हणाली. तेवढी संधी तिने सोडली असती तर ती आक्का नसती.

उजवं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला, मागचे बोल्ट सोडून आत जाणारा दांडा ओढून बाहेर काढला. बेरिंग त्या दांड्यावरच घट्ट बसलेलं असतं. बोटाने फिरवलं तर अडखळत फिरत होतं. आणि ग्रीस. ग्रीस म्हणायचं कशाला त्याला. पांढुरकं, पाणचट, घुसळून ठेवलेल्या ताकासारखं, आणि त्यात तांबडा गंज.

"पाणी," मी म्हटलं. "ह्यात पाणी गेलंय. पण तू काय नदीतनं गाडी न्हेलीस व्हय?"

आक्का त्या ग्रीसकडं बघत राहिली. मग खालीच बसली आणि कपाळावर हात मारला.

"खंडेनवमी," ती म्हणाली.

आमच्याकडं खंडेनवमीला गावातल्या सगळ्या गाड्या शेततळ्यावर धुवायला जातात. ट्रॅक्टर, मोटरसायकली, टेम्पो, रांगच लागते. पूर्वी बादल्या आणि चिंध्या असायच्या. आता डाळिंबावर औषध फवारायचा पंप सगळ्यांकडं आहे. त्याच्या बंदुकीतून पाणी असं सुटतं की वाळलेला चिखल काय, रंगसुद्धा उडेल. गाड्या मिनिटात चकाचक होतात, झेंडूचे हार पडतात, नारळ फुटतात, सगळे खूश. आणि आमची आक्का स्वच्छतेची. तिला वरवर धुतलेलं कधी चालत नाही. तिने त्या दिवशी पंपवाल्याला गाडीच्या खाली वाकायला लावून चाकांच्या मागं, आत, कानाकोपऱ्यात बंदूक मारायला लावली होती. "देवाचा दिस हाय, आतला चिखल बी निघू दे," म्हणाली होती. चिखल निघाला. बेरिंगजवळच्या रबरी सीलच्या ओठातून पाणी आत गेलं, ग्रीस धुपलं, आणि दसऱ्यापासून ते बेरिंग कोरडं झिजत होतं.

"माझ्याच हातानं केलं," ती म्हणाली. "पूजा म्हणून."

मी हसलो. हसायला नको होतं पण आवरलं नाही. मग तीही हसली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. आक्का हसायला लागली की तिचे खांदे हलतात आणि आवाज अजिबात येत नाही.

मी उजवा दांडा पोत्यात गुंडाळला. विट्याच्या वर्कशॉपात जाऊन जुनं बेरिंग दाबाच्या प्रेसवर काढून नवं बसवून आणायचं, सील नवं, काम संपलं. निघणार तर आक्का म्हणाली, "थांब. डावं बी खोल."

"डावं ठणठणीत हाय. तूच ऐकलंस."

"बंदूक दोन्हीकडं मारली व्हती."

"अगं, आवाज न्हाई त्याला."

"अजून न्हाई," ती म्हणाली. "पोरींच्या परीक्षेत आला तर?"

मी कुरकुरत डावं खोललं. आत ग्रीस अजून जागेवर होतं, पण कडेला तीच पांढुरकी झाक यायला लागली होती. दुसरा दांडाही पोत्यात घातला. आयुष्यात हजार माणसं गाडीचं दुखेल तेवढंच बघणारी भेटली, मीही त्यातलाच. आक्का दुखायच्या आधी बघते. ह्या बाबतीत माझ्या फौजेतल्या वरिष्ठांपेक्षाही ती कडक आहे, आणि ते वरिष्ठ काही साधे नव्हते.

विट्याचा प्रेसवाला शनिवार असूनही थांबला. दोन्ही बेरिंगं बसली. रविवारी सकाळी आम्ही सगळं जोडलं, ब्रेक बसवले, तेल बघितलं. आक्काने पुन्हा लाटणं लावून तिन्ही जागा ऐकल्या. मग आम्ही खिंडीत गेलो. डावं वळण, काही नाही. पुन्हा डावं. काही नाही. गाडीत इतकी शांतता की मागच्या दाराची सैल काच वाजतेय हे पहिल्यांदाच कळलं.

मी म्हटलं, "झालं. आता फोन कर सगळ्यांना, की गाडी बरी झाली."

"फोन करून कोण ऐकतंय? बाईला कानानं ऐकू दे."

ती थेट फौजीच्या दारात गेली. मी सोबत होतोच. ती बाई अंगणात शेंगा निवडत होती. आक्काने काही आडवळण घेतलं नाही. बेरिंग गेलं होतं, पाण्यानं गेलं, पाणी माझ्याच हट्टापायी आत गेलं, दोन्ही बाजूंची बदलली, असं सरळ सांगितलं. जुनं बेरिंग तिच्या हातात दिलं आणि फिरवून बघ म्हणाली. त्या बाईने ते फिरवलं. ते अडखळलं. तिने ते तसंच धरून ठेवलं.

"आता चल," आक्का म्हणाली. "ज्या चाकाचा आवाज येत व्हता त्याच्या वरच्या सीटवर बस. कॉलेजपातूर जाऊन येऊ. आवाज आला तर पोरीला पाठवू नगंस. मी परत तुझ्या दारात येणार न्हाई."

बाई जरा घुटमळली. सासूकडं बघितलं. मग हात पुसून गाडीत चढली, उजव्या बाजूच्या मागच्या सीटवर. मी पुढं बसलो. पोर दारात उभी राहून बघत होती.

फाटा गेला, खिंड गेली. बाई ताठ बसली होती, दोन्ही पाय खालच्या फळीवर घट्ट रोवून, मान जरा कलती. डाव्या वळणांवर आक्का मुद्दाम वेग कमी करत नव्हती. काही आवाज आला नाही. मला हायसं वाटत होतं. कडेगाव आलं. रविवार असल्यामुळे कॉलेज बंद. गेटपाशी आक्काने गाडी थांबवली. "हितं सोडते मी त्यांना," म्हणाली.

बाई उतरली. गेटचे गज धरून आत बघत उभी राहिली. रिकामं मैदान, दोन मजली इमारत, खिडक्या बंद. तिची पोर दीड वर्ष तिथं येत होती. ती स्वतः एकदाही आली नव्हती. ऊस होता, सासू होती, आणि नेणारं कुणी नव्हतं.

"तिचा वर्ग कंचा?" तिने विचारलं.

"मला कुठं ठाव?" आक्का म्हणाली. "मी गेटवर सोडून माघारी फिरते. ते तुझी पोर सांगंल."

बाई अजून थोडा वेळ उभी राहिली. एकेक खिडकी बघत होती. मग येऊन बसली. आक्काने गाडी माघारी फिरवली. खिंडीच्या मोठ्या डाव्या वळणाशी आल्यावर आक्का म्हणाली, "हितं ऐक. हितंच लय घुमत व्हतं."

"काय?" बाई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं.

"आवाज. चाकाचा."

"न्हाई आला." ती खिडकीबाहेर बघत होती. बरंच पुढं आल्यावर, गावाची पाण्याची टाकी दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "आक्का, दहावीला मी केंद्रात दुसरी आले व्हते. आमच्या गावाला तवा गाडी नव्हती."

आक्काने आरशात तिच्याकडं बघितलं. गिअर बदलला. मी रस्त्याकडं तोंड करून बसलो, कारण माझ्याने मागं बघवेना.

सोमवारी सकाळी मीही गाडीत गेलो, उगाच. फौजीच्या घरासमोर हॉर्न वाजवायची वेळ आली नाही. दोघी मायलेकी रस्त्यावर येऊन थांबल्या होत्या. आईनेच मागचं दार सरकवलं, पोरीला उजव्या चाकावरच्या सीटवर बसवलं, दप्तर तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "सांजच्याला आलीस की मला सांग, तुझी खिडकी कंची ते."